सहा पोट्टे, तीन मल्टिमीटर: नागपुरात इलेक्ट्रॉनिक्स-कोडिंगची छोटी बॅच सुरू करताना

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केल्यावर हिंगणा एमआयडीसीत नऊ वर्षं पॅनल वायरिंगचं काम केलं आणि मग घरातल्या समोरच्या खोलीत मुलांना शिकवायला लागले. पहिल्या बॅचला चौदा पोट्टे घेतले. दुसऱ्याच तासाला एकाने नऊ व्होल्टच्या बॅटरीला सरळ एलईडी जोडून तो जाळला. एकीचा बोर्ड लॅपटॉपला दिसेना. तिसरा "मॅडम, माझं काऊन होत नाही?" म्हणून ओरडत होता, आणि मी या टेबलावरून त्या टेबलावर नुसती पळत होते. महिनाअखेर पाच उरले. बाकी नऊ जणांना फी परत दिली.

तेव्हापासून सात बॅच झाल्या. ज्यांना येतं पण शिकवलेलं नाही, अशा माणसांसाठी हे लिहिते आहे: डिप्लोमावाले, इंजिनियर, नोकरी सोडून घरी असलेल्या मैत्रिणी, निवृत्त झालेले काका. विषय तुम्हाला येतो हे धरून चालते. अडतं ते बाकीच्या गोष्टींत.

१. आधी ठरवा: किती, कोण, कधी

किती? सहा. हा आकडा हवेतून आलेला नाही. सर्किट चाललं नाही तर चूक मुलाकडूनच शोधून घ्यायला आठ-दहा मिनिटं जातात. दीड तासाच्या वर्गात प्रत्येकाचं एकदा तरी अडतंच. सहा जणांचा तास त्यातच जातो, उरलेल्या अर्ध्या तासात नवीन काही सांगता येतं. आठ झाले की तुम्ही वेळ वाचवायला स्वतः वायर ओढून लावून देता, आणि मूल बघत बसतं. या कामातला एकच नियम मी स्वतःला लावून घेतला आहे: मुलाच्या ब्रेडबोर्डला, म्हणजे वायर खोचून सर्किट जोडायच्या छिद्रांच्या पाटीला, माझा हात लागणार नाही. सुरुवातीला मी अक्षरशः हात पाठीमागे बांधून उभी राहायचे.

कोण? सातवी ते नववी. सहावीतलं कोणी घ्यायचंच झालं तर नववीबरोबर एका बॅचमध्ये घेऊ नका, मोठं पोर लहानाच्या हातातली वायर घेऊन स्वतःच जोडून टाकतं. दहावीवाल्यांना घेऊच नका असं नाही म्हणत, पण दिवाळीनंतर ते येणार नाहीत हे धरून चाला. आठवीपासून जेईई-नीटचे फाउंडेशन क्लास लागलेली मुलं इथे ढिगाने आहेत. त्यांचं वेळापत्रक आधी विचारा, मग आपलं ठरवा.

कधी? शनिवार-रविवार, दीड-दीड तास. रोजचा वर्ग ठेवू नका. मुलाने घरी जाऊन काहीतरी तोडायला-जोडायला मधले दिवस लागतात. उन्हाळी बॅच घ्यायची तर सकाळी सात ते साडेआठ. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, अकरानंतर कुठलीही आई मुलाला सायकलवर पाठवणार नाही आणि पाठवूही नये. विदर्भात स्टेट बोर्डाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, पण सीबीएसईच्या कित्येक शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. एकाच गल्लीतल्या दोन मुलांच्या सुट्ट्या जुळत नाहीत. हे न पाहता मी एकदा एप्रिलची बॅच जाहीर केली आणि निम्मी मुलं शाळेत होती.

२. कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे, पण एकाच आठवड्यात उरकतं.

- उद्यम नोंदणी. आधार आणि पॅन लागतं, सगळं ऑनलाइन होतं आणि सरकारी पोर्टलवर एक रुपयाही लागत नाही. फी मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं आहेत. पैसे मागितले की ते पान बंद करा.
- शॉप ॲक्ट. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे कामगार नसतील किंवा मोजकेच असतील तर पूर्ण नोंदणी नाही, फक्त सूचना द्यायची असते. तीही ऑनलाइन. त्याची पावती बँकेत चालू खातं उघडताना कामी येते.
- सोसायटीचं किंवा घरमालकाचं पत्र. तोंडी "हो हो, चालू करा" वर राहू नका. सहा सायकली जिन्याखाली लागल्या की तेच लोक बोलायला येतात.
- जीएसटी. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. सहा-सहाच्या बॅच घेऊन तुम्ही तिथवर पोचणार नाही, निश्चिंत राहा.
- पालकांचं संमतिपत्र. एक पान पुरे. मुलाचं नाव, दोन फोन नंबर, औषधाची ॲलर्जी, घरी न्यायला कोण येणार, सोल्डरिंगला (तापलेल्या इस्त्रीने धातू वितळवून जोड द्यायला) परवानगी आहे का, फोटो काढून स्टेटसला टाकले तर चालतील का. फोटोचा रकाना वेगळा ठेवा, वेगळी सही घ्या. मुलांचे फोटो परस्पर स्टेटसला टाकणं बरं नाही.

पालक हमखास विचारतात, "सोळा वर्षांखालच्यांना कोचिंग बंद केलं ना सरकारने?" जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नको असं आहे खरं. पण त्या सूचनांतली कोचिंग सेंटरची व्याख्याच पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांची आहे. तुमची समोरची खोली त्यात बसत नाही. हे शांतपणे सांगा, पालकांना पटतं.

एक मात्र: तुम्ही शाळेत शिक्षक असाल तर थांबा. शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. शाळेतच, शाळेच्या नावाने काही करता येतं का ते मुख्याध्यापकांशी बोला. कित्येक शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, त्यासाठी नीती आयोगाच्या योजनेतून २० लाखांपर्यंत अनुदान मिळालेलं असतं, आणि तिथे शिकवायला माणूस शोधत असतात.

३. खोली आणि वीज

माझ्या दारावर एक पाटी आहे: *भिंतीतली वीज आपली नाही.* २३० व्होल्टला हात लावणारा कुठलाही प्रयोग मी घेत नाही. रिले लावून ट्यूबलाइट चालवणं नाही, जुना चार्जर उघडणं नाही, काही नाही. मुलं मागे लागतात, इंटरनेटवर पाहून येतात. नाही म्हणजे नाही. सगळं काम तीन पेन्सिल सेलच्या डबीवर, म्हणजे साडेचार व्होल्टवर, नाही तर यूएसबीच्या पाच व्होल्टवर.

तरीही खोलीत लॅपटॉपचे चार्जर आणि सोल्डरिंगच्या इस्त्र्या असतातच. त्यामुळे पहिला खर्च टेबलांवर करू नका, इलेक्ट्रिशियनवर करा. अर्थिंग तपासून घ्या आणि तीस मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, बसवून घ्या. एमसीबी आहे ना, असं म्हणाल तर एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पसरू नका, टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवा.

कूलरबद्दल वेगळं सांगते, कारण आपल्याकडे ते घराघरात आहे. लोखंडी टाकी, आत पाणी, पाण्यात २३० व्होल्टचा पंप. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. वर्ग चालू असताना कूलर मुलांच्या हाताच्या टप्प्यात नको, आणि त्याचं पाणी तास सुरू व्हायच्या आधी, प्लग काढून भरा.

घरी आलं की आपण चपला दारात काढतो. सोल्डरिंगच्या दिवशी उलटं: बूट घातल्याशिवाय आत यायचं नाही. वितळलेला थेंब पायावर पडला की काय होतं ते मला एमआयडीसीत पहिल्या आठवड्यात कळलं होतं, डाग अजून आहे.

आणखी एक. दार उघडं ठेवा आणि घरात दुसरं मोठं माणूस असू द्या. माझ्या सासूबाई सोफ्यावर बसून वाटाणे सोलत असतात. एकच मूल आधी आलं किंवा उशिरा राहिलं तर ते त्यांच्याजवळ बसतं. मुलांबरोबर काम करायचं तर ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी, पालकांसाठीही आणि तुमच्यासाठीही.

४. सामान

दर मुलामागे:

- ८३० छिद्रांचा ब्रेडबोर्ड, एक
- अर्डुइनो ऊनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड) किंवा त्याचा क्लोन, आणि त्याची केबल
- जंपर वायर, नर-नर चाळीस आणि नर-मादी वीस
- २२० ओहम, १ किलोओहम, १० किलोओहमचे रेझिस्टर, प्रत्येकी दहा
- एलईडी दहा, पुश बटन चार, बझर एक, एलडीआर (उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) दोन, दहा किलोओहमचा पोटेन्शिओमीटर एक
- बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा) पाच
- एक छोटा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर) आणि एक अल्ट्रासॉनिक सेन्सर (अंतर मोजणारा)
- तीन पेन्सिल सेलची डबी, स्विचवाली

सगळ्यांत मिळून: तीन मल्टिमीटर (व्होल्टेज-करंट मोजायचे मीटर), दोन सोल्डरिंगच्या इस्त्र्या स्टँडसह, वायर सोलायचा चिमटा, दोन सेफ्टी चष्मे, बर्नॉल, आणि मिठाईचे रिकामे डबे. संत्रा बर्फीच्या डब्यात एका मुलाचं किट बरोब्बर मावतं. झाकणावर नाव लिहायचं.

मल्टिमीटर मुद्दाम दोघांत एक ठेवते. एक जण मोजतो, दुसरा आकडा वहीत लिहितो, आणि भांडत भांडत दोघंही शिकतात.

खरेदीला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जा. मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांत सुटे पार्ट मिळतात. पहिल्यांदा तरी ऑनलाइन मागवू नका, कारण दुकानात उभं राहून तपासता येतं. मी खाल्लेले फटके असे:

केबल. काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. बोर्डाचा दिवा लागतो, लॅपटॉपला बोर्ड दिसत नाही, आणि तुम्ही तासभर ड्रायव्हर शोधत बसता. घेतानाच प्रत्येक केबल लावून पाहा.

क्लोन बोर्ड. मूळ ऊनो क्लोनच्या चार-पाच पट महाग पडतो. शिकायला क्लोन पुरतो, पण बहुतेकांवर यूएसबीसाठी सीएच ३४० ही चिप असते आणि जुन्या विंडोजला तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. तो पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा.

ब्रेडबोर्डची पट्टी. काही बोर्डांत कडेची लाल-निळी पट्टी मधोमध तुटलेली असते. छापलेली रेघ मध्येच थांबली असेल तर समजा आतली पत्रीही थांबली. याची गोष्ट पुढे येते.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. दिसायला गोंडस, पण मोटर किंवा सर्व्हो लावला की बघता बघता बसते. त्यापेक्षा पेन्सिल सेल बरे. आणि मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या जुन्या लिथियम बॅटऱ्यांतून काढलेले सेल मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. शॉर्ट झाले की पेट घेतात.

मल्टिमीटरचं तिसरं भोक. स्वस्त पिवळ्या मीटरला दहा ॲम्पियरचं एक वेगळं भोक असतं. मुलाने लाल प्रोब तिथे खोचून व्होल्टेज मोजायला घेतलं की बॅटरी सरळ शॉर्ट. तिन्ही मीटरच्या त्या भोकावर मी इन्सुलेशन टेप लावून टाकली आहे.

धाकट्या मुलांसाठी मायक्रोबिट हा छोटा बोर्ड छान आहे, त्यात पंचवीस एलईडी आणि बटनं आधीच बसवलेली असतात. पण किमतीला जड, आणि माझं मत असं की सगळं बसवून आलेलं मिळालं की वायर कशाला असते तेच कळत नाही.

५. पहिले चार तास: लॅपटॉप बंद

पालकांनी 'कोडिंग क्लास' म्हणून पाठवलेलं असतं आणि मुलगा लॅपटॉपची बॅग घेऊन आलेला असतो. बॅग कोपऱ्यात ठेवायला सांगा.

पहिला तास: सेल, रेझिस्टर, एलईडी. लाल एलईडी सुमारे दोन व्होल्ट खातो, साडेचारातले अडीच उरले, २२० ने भागा, साधारण अकरा मिलिॲम्पियर. हा हिशोब फळ्यावर मांडा आणि मग मीटरने मोजा. दोन आकडे जवळजवळ जुळले की मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहण्यासारखं असतं. ओहमचा नियम स्टेट बोर्डाच्या नववीच्या 'धाराविद्युत' धड्यात आहे, पालकांना हे सांगितलं की त्यांचाही जीव भांड्यात पडतो.

शब्दांची एक अडचण येईल. मराठी माध्यमाचं मूल 'विभवांतर' आणि 'रोध' म्हणतं, सेमीवाला 'व्होल्टेज' आणि 'रेझिस्टन्स', आणि दोघांना वाटतं आपण वेगळं काहीतरी शिकलो. पहिल्या दिवशी फळ्याच्या कडेला दोन रकाने करा आणि बॅच संपेपर्यंत पुसू नका.

दुसऱ्या तासाला ब्रेडबोर्ड. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आठवीतली एक मुलगी, हळू बोलणारी. बाकी पाचांचे दिवे लागले, तिचा लागेना. एलईडी उलटा करून पाहिला, दुसरा लावला, सेल बदलले. शेजारचा दोनदा हात पुढे करून आला, त्याला मी जागेवर बसवलं. मला लांबूनच दिसत होतं: बॅटरी पट्टीच्या डाव्या अर्ध्यात, रेझिस्टर उजव्या अर्ध्यात, आणि मध्ये तुटलेली रेघ. जीभ चावून गप्प बसले. तिला एवढंच म्हटलं, "वीज कुठपर्यंत आली ते मीटरला विचार." तिने काळा प्रोब मायनसला धरला आणि लाल प्रोब एकेक भोक सरकवत नेला. चार पॉइंट पाच, चार पॉइंट पाच, चार पॉइंट पाच, शून्य. ती थांबली. मागचं भोक पुन्हा मोजलं. मग बोर्ड डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "इथं रेघ नाहीये." वीस मिनिटं गेली होती. त्या दिवसापासून बॅचमध्ये कोणाचंही अडलं की मीटर घेऊन तीच जाते.

म्हणून आता प्रत्येक बॅचला एक तरी तुटक पट्टीवाला बोर्ड मी मुद्दाम देते.

तिसरा आणि चौथा तास ट्रान्झिस्टरचे, आणि त्यासाठी नागपुरात कूलरच्या पाण्याच्या अलार्मसारखा प्रयोग नाही. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर मायनसला. कलेक्टरकडून रेझिस्टर आणि एलईडी प्लसला. एक तार प्लसला जोडलेली, दुसरी एक किलोओहममधून बेसला. दोन्ही तारांची टोकं पाण्यात बुडवली की पाण्यातून जाणारा नखाएवढा करंट ट्रान्झिस्टर उघडतो आणि दिवा लागतो. प्रयोग बादलीत करायचा. खऱ्या कूलरमध्ये तार सोडायची नाही, का ते वर सांगितलं आहे, मुलांना पुन्हा सांगा.

दिवा लागल्यावर एका बॅचमधला सातवीचा पोट्टा म्हणाला, "पण मॅडम, पाणी आहे हे कळून काय करू? संपलं तं कळलं पाहिजे ना!" बरोबर आहे. कूलर कोरडा पडला की गरम हवा यायला लागते तेव्हा आपण उठतो. मी विचारलं, "मग हे उलटं कसं करशील?" पुढचा पाऊण तास सहा जणांनी घातला. शेवटी दुसरा ट्रान्झिस्टर पहिल्याच्या पुढे लावला: पाणी असलं की पहिला चालू, म्हणून दुसरा बंद, पाणी गेलं की पहिला बंद, दुसरा चालू, दिवा लागला. याला नॉट गेट म्हणतात आणि कॉम्प्युटर अशाच गोष्टींनी भरलेला असतो, हे सांगायची ती वेळ. त्याच्या आधी सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

चार दिवस तारा पाण्यात ठेवल्या तर प्लसची तार हिरवी-काळी पडते. फेकू नका, डब्यात ठेवा. विद्युत अपघटनाचा धडा फुकटात मिळाला.

६. आता लॅपटॉप

पाचव्या तासाच्या आदल्या दिवशी पालकांना फोन करा, मेसेज नाही. विचारा: लॅपटॉप कोणाचा आहे? बाबांच्या ऑफिसचा असेल तर त्यावर काहीही इन्स्टॉल होऊ देत नाहीत, पासवर्ड आयटीवाल्यांकडे असतो. एका रविवारी सहापैकी चार लॅपटॉप असे निघाले आणि पूर्ण तास वाया गेला. तेव्हापासून दोन जुने, सेकंडहँड लॅपटॉप मी स्वतःचे ठेवले आहेत, सगळं टाकून तयार.

घरी लॅपटॉप नसलेल्यांनी काय करायचं? टिंकरकॅड ब्राउझरमध्ये फुकट चालतं, त्यात सर्किटही जोडता येतं आणि ठोकळ्यांनी किंवा मजकुराने कोडही लिहिता येतो. कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतं. हातात घेऊन करण्याला पर्याय नाही ते, पण आठवड्याच्या मधल्या दिवसांना उत्तम.

क्रम माझा असा आहे. आधी तेरा नंबरच्या पिनवरचा दिवा लुकलुकवायचा, तयार कोडने. एक ओळही लिहायची नाही, फक्त डिलेचा आकडा बदलायचा: हजारचे शंभर करा, दहा करा. दहावर दिवा सतत पेटल्यासारखा दिसतो. "बंद झालाच नाही" म्हणतात. मग विचारायचं, बंद होतोय की डोळ्याला दिसत नाही? फोनच्या स्लो मोशनमध्ये शूट करा आणि बघा.

त्यानंतर बटन. इथे मी मुद्दाम खोड्या करते. पिनला बटन जोडायचं, पण पुलअप (पिनला प्लसशी बांधून ठेवणारा रेझिस्टर) नाही लावायचा, आणि बटन न दाबता वाचायचं. पिन अधांतरी असते, दिवा मनाला येईल तेव्हा लागतो. हात जवळ नेला की लागतो, काढला की विझतो. "भूत आहे बाप्पा!" दोन मिनिटं भूत खेळू द्या. मग सांगा की मोकळी तार अँटेनासारखी आजूबाजूची वीज पकडते, म्हणून तिला कुठेतरी बांधून ठेवावं लागतं. कोडमध्ये 'इनपुट पुलअप' लिहिलं की भूत जातं, आणि एक नवा गोंधळ येतो: आता दाबलं की शून्य वाचतं, सोडलं की एक. हे उलटं काऊन? कूलरचा दुसरा ट्रान्झिस्टर आठवा म्हणायचं.

मग एलडीआर, शून्य ते १०२३. सिरियल मॉनिटरवर आकडे धावायला लागले की पोरं हाताने सावली करत बसतात. मग बझर, सर्व्हो, अल्ट्रासॉनिक. घाई नको. सोळा वर्गांत एवढं झालं तरी भरपूर.

अडलं की पाहायच्या जागा, भिंतीवर चिकटवून ठेवा:

१. बोर्ड आणि पोर्ट बरोबर निवडलाय का?
२. केबल डेटाची आहे का?
३. शून्य आणि एक नंबरच्या पिनला काही जोडलंय का? असेल तर काढा, अपलोड त्याच पिनांवरून होतं.
४. मॉनिटरवर कचरा दिसतोय? कोडमधला आणि खिडकीतला वेग एकच हवा, ९६०० तर दोन्हीकडे ९६००.
५. ओळीच्या शेवटी अर्धविराम?
६. तुलना करायला दोन बरोबरची चिन्हं लागतात, एक नाही. एक लिहिलं तरी कोड तक्रार करत नाही, आणि चुकीचा चालतो.
७. सर्व्हो हलला की बोर्ड रिसेट होतो? यूएसबी पुरत नाहीये, सर्व्होला सेलची डबी वेगळी द्या आणि दोघांचा मायनस एकत्र जोडा.

पिनमधून वीस मिलिॲम्पियरपेक्षा जास्त ओढायचं नाही, मोटर सरळ पिनला लावायची नाही. हेही लिहा, तरी एक जण लावणारच.

मुलं आता एआयकडून कोड लिहून आणतात. बंदी घालून उपयोग नाही, मी घातली होती. आता नियम असा: आणा, पण मी बोट ठेवीन ती ओळ काय करते ते सांगायचं. तीन ओळी अडल्या तर पुसून पुन्हा. नववीच्या एकाने आणलेल्या कोडमध्ये अशी पिन होती जी ऊनोवर नाहीच. त्याला स्वतःलाच हसू आलं.

७. सोल्डरिंग

एकच तास, एका वेळी दोघं, चष्मा लावून. पंखा बाजूने, तोंडावर नाही. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून तासानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी पोह्यांच्या प्लेटकडे जायचं नाही. लांब केस बांधलेले, ओढणी नाही. भाजलं तर आधी वीस मिनिटं नळाखाली, मलम नंतर.

८. फी आणि पालक

आठ आठवडे, दीड-दीड तासाचे सोळा वर्ग, साडेतीन हजार. किटचे वेगळे आणि किट मुलाचं. मी अशी आकारणी करते. वर्षाची फी आधी घेऊ नका. पैसे सामानात जातात आणि मुलाने तिसऱ्या महिन्यात सोडलं की परत द्यायला हातात काही नसतं. दर मुलामागे शंभर-दीडशे रुपये जळक्या पार्टसाठी धरून ठेवा, आणि जाळलं म्हणून मुलाकडून वेगळे पैसे कधीच मागू नका. एकदा मागितले, तर ते मूल पुढच्या तासाला भीत भीत जोडतं.

पालक विचारतील: रोबोट कधी बनवणार? ड्रोन? सर्टिफिकेट आहे का? मी पहिल्याच भेटीत सांगते की ड्रोन नाही, सर्टिफिकेट म्हणून माझ्या सहीचा एक कागद मिळेल, त्याने कुठे प्रवेश मिळणार नाही. दोन-तीन जण तिथेच उठून जातात. जाऊ द्या. मूल मनापासून लागलं आणि त्याची स्वतःची कल्पना असली तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेसाठी शाळेमार्फत नाव पाठवता येतं, निवड झाली तर प्रयोग बनवायला दहा हजार मिळतात. नाव शाळाच पाठवते, तुम्ही नाही; म्हणून विज्ञानाच्या बाईंशी ओळख ठेवा.

बॅचच्या मध्ये एखादा रविवार मोकळा ठेवून सगळ्यांना गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात न्या. हाताने फिरवायची-दाबायची उपकरणं तिथे आहेत, आणि आता मुलं 'हे आतून कसं चालत असेल' असं विचारत फिरतात.

९. शेवटचा तास

पालकांना बोलवा, तर्री पोहे करा, पण भाषण ठेवू नका. प्रत्येक मुलाने आपलं सर्किट टेबलावर ठेवायचं, आणि पालकांनी त्यातली एक वायर काढायची. मुलाने पाठ केलेलं म्हणत बोटाने दाखवावं, यापेक्षा हे बरं. वायर काढल्यावर काय बंद पडलं ते पाहून मुलाने ती परत शोधून लावायची.

मागच्या वेळी एका आजोबांनी इतक्या सफाईने वायर काढली की ती कुठली ते त्यांनाही आठवेना. नातू मीटर घेऊन दहा मिनिटं खाली मान घालून बसला होता. पोहे गार झाले. त्याच्या आईने दोनदा "अरे सांगा ना त्याला" म्हटलं, आजोबा काय सांगणार! सापडली ती. बझरचा मायनस होता.

सगळे गेल्यावर डबे उघडून पार्ट मोजा आणि जे कमी पडलं त्याची यादी त्याच संध्याकाळी करा. पुश बटनं हमखास कमी निघतात. ती सोफ्याखाली असतात.